वास्तुप्रश्न : कुडाचे विलायती घर

गेल्या अंकात ओल धरणाऱ्या भिंतींविषयी लिहिताना मी इंग्लंडमधील लाकडी सांगाड्याच्या जुन्या घरांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर खानापूर, हुक्केरी, निपाणी आणि खुद्द बेळगावातून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे लागत आहे. पत्रे लांबलचक आहेत. त्यांतला प्रश्नापुरता भाग तेवढा छापला आहे.

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त इंग्लंडात असते. स्ट्रॅटफर्डजवळ शेक्सपिअरच्या पत्नीचे, अ‍ॅन हॅथवेचे माहेर आहे. ते पाहून तिने फोटो पाठवले. पांढऱ्या भिंतींवर काळ्या लाकडी पट्ट्या आहेत. त्या शोभेसाठी ठोकलेल्या आहेत की त्यांच्यावर भार आहे? आणि बारा खोल्यांच्या एवढ्या घराला कॉटेज का म्हणतात? (टिळकवाडी, बेळगाव)

त्या काळ्या पट्ट्या म्हणजेच घर. मधला पांढरा भाग ही नुसती भर आहे. ती सगळी भर काढून टाकली तरी छपराला धक्का लागत नाही. खानापूर तालुक्यात आषाढात मातीची भिंत बसते आणि तरीही छप्पर खांबांवर तसेच राहते, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. फरक असा की आपल्याकडे खांब भिंतीच्या आत किंवा सोप्यात असतात, आणि तिथे ते भिंतीतच बसवून बाहेरून उघडे ठेवलेले दिसतात.

अशा घराची बांधणी खालून वर अशी पाहावी. आधी दगडाचे किंवा विटांचे बुटके जोते असते. आपण प्रत्येक खांबाखाली स्वतंत्र तळखडा देतो, तर तिथे जोत्यावर चारी बाजूंनी एक आडवा जाड वासा फिरवतात आणि सगळे खांब त्याच्यात बसवतात. खांबांच्या डोक्यावर भिंतीच्या लांबीने दुसरा आडवा वासा जातो, आणि समोरासमोरच्या खांबांना घराच्या रुंदीत एक तुळई बांधून ठेवते, म्हणजे छपराच्या रेट्याने भिंती बाहेर फाकत नाहीत. खांब आणि आडवे वासे यांच्या कोपऱ्यांत तिरके धिरे असतात. फोटोत जे वाकडे, कमानीसारखे तुकडे दिसतात ते हेच, आणि वाऱ्यापुढे घर खेळण्यातल्या चौकटीसारखे कलंडत नाही ते त्यांच्यामुळे. दोन तुळयांमधल्या अंतराला तिथेही आपल्या ‘खणा’सारखाच शब्द आहे आणि घराचे मापही तसेच सांगतात : दोन खणांचे घर, चार खणांचे घर.

आपल्या मुलीला पुन्हा तसे एखादे घर पाहण्याचा योग आला, तर खांबांची डोकी पाहायला सांगा. बहुतेक खांब खाली बारीक आणि वर रुंद असतात. कारण सुतार झाडाचा बुंधा उलटा उभा करत असे, मुळाकडची बाजू वर. तिथे खांब, भिंतीवरचा वासा आणि तुळई अशी तीन लाकडे एकाच ठिकाणी भेटतात आणि तीन खाचा पाडायच्या तर लाकूड जाड हवे. झाड जमिनीजवळ निसर्गतःच जाड असते. ती जाडी त्याने फुकट जाऊ दिली नाही. मला या सगळ्या विद्येतील ही युक्ती सर्वांत देखणी वाटते.

हॅथवे घराण्याच्या या घराचा जुना भाग पंधराव्या शतकातला आहे आणि त्यात आणखी एक निराळी रीत दिसते, तिला ‘क्रक’ म्हणतात. नैसर्गिक बाक असलेले झाड मधोमध उभे चिरून दोन्ही फाकी समोरासमोर उभ्या करायच्या; जमिनीपासून आढ्यापर्यंत त्या जोडलेल्या हातांसारख्या जातात आणि छप्पर त्यांच्यावरच तोलले जाते. मध्य आणि पश्चिम इंग्लंडात व वेल्समध्ये ही पद्धत खूप आढळते, आग्नेयेकडच्या केंट परगण्यात मात्र नाही.

कॉटेज या शब्दाबद्दल आपली शंका रास्त आहे. हे घर खात्यापित्या शेतकऱ्याचे होते. त्या काळच्या गरिबांच्या झोपड्या कधीच मातीला मिळाल्या. आज पाचशे वर्षांची म्हणून जी ‘कॉटेजे’ दाखवतात, ती बहुतेक त्या वेळच्या सुस्थितीतील लोकांची घरे. पुढे अशा अनेक घरांचे भाग पाडून त्यांत मजुरांची कुटुंबे राहू लागली, आणि नाव लहान झाले. शेक्सपिअरच्या वास्तू सांभाळणाऱ्या विश्वस्त संस्थेने हे घर १८९२ साली विकत घेतले.

प्रश्न : मी पिढीजात सुतार आहे. ही घरे ओल्या लाकडात बांधत असत, असे आपण लिहिलेत. आमच्याकडे ओले लाकूड चौकटीला वापरले तर गिऱ्हाईक दारात उभे करणार नाही. हे खरे आहे काय? (नंदगड, ता. खानापूर)

खरे आहे, आणि आपले म्हणणेही खरे आहे. दाराच्या चौकटीत ओले लाकूड वापरले तर दार अडकणारच. पण घराच्या सांगाड्याचा हिशेब वेगळा आहे.

ओक हे झाड तोडल्यावर ताजे असताना वाकसाने तासता येते, पटाशीने खाच पाडता येते. वाळल्यावर तेच लाकूड हत्याराची धार बोथट करते. शिवाय ते वाळायला फार वेळ घेते. एक इंच जाडीला साधारण एक वर्ष, असा तिकडच्या सुतारांचा जुना अंदाज आहे. दहा इंची खांब त्या हिशेबाने वाळवायचा म्हटला तर घर बांधायला दहा वर्षे थांबावे लागेल. म्हणून झाड तोडले की थोड्याच काळात काम सुरू करायचे आणि लाकूड घरातच वाळू द्यायचे, अशी रीत पडली. लाकूड वाळताना जाडीत आणि रुंदीत आखडते, लांबीत जवळपास नाही, हे आपणास सांगायला नको. त्यामुळे खांबाची उंची आणि तुळईची लांबी राहते ती राहतेच. लाकडाला चिरा पडतात, ते थोडे पिळते, पण घर बुटके होत नाही. त्या घरांच्या ओळी डुलल्यासारख्या दिसतात, त्याला जमीन खचणे आणि नंतरची तोडफोड जशी कारणीभूत आहे, तसा हा पीळही आहे.

आता सांध्याकडे या. कुसू (लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ) आणि ती ज्यात बसते ती खाच आपल्यासारखीच असतात, परंतु त्यांत खिळा नसतो. ओकमधील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे लोखंड गंजते आणि लाकूडही त्या जागी काळे पडून खराब होते. खेरीज लोखंड त्या काळी महागही होते. म्हणून लाकडाची मेख मारत. त्यातली खुबी अशी की कुसवाचे भोक खाचेच्या भोकाच्या अगदी समोर पाडत नाहीत, ते कुसवाच्या खांद्याकडे दोन-तीन मिलिमीटर सरकवून पाडतात. निमुळती मेख ठोकत नेली की ती दोन भोकांमधून वळण घेत जाते आणि कुसू खेचून खाचेत घट्ट बसवते. मेख मात्र वाळलेल्या लाकडाची, आणि करवतून नव्हे तर फोडून काढलेली, म्हणजे तिच्यात रेषा अखंड राहतात आणि वळण घेताना ती मोडत नाही. पुढे ओले लाकूड आखडते आणि कोरडी मेख आवळली जाते. जुन्या घरांत या मेखांची टोके पृष्ठभागाबाहेर बोटभर आलेली दिसतात.

आणखी एक गोष्ट आपणाला आवडेल. सगळा सांगाडा आधी सुताराच्या आवारात जमिनीवर आडवा मांडून जुळवत. प्रत्येक कुसू त्याच्या स्वतःच्या खाचेलाच बसेल असा तासलेला असे, दुसऱ्या खाचेला तो चालत नसे. म्हणून सांध्याच्या दोन्ही अंगांना एकच आकडा कोरत, मग सगळे उसकटून गाडीतून जागेवर नेत आणि आकडे पाहून उभे करत. आकडे रोमन, कारण ते सरळ रेघांचे असतात आणि पटाशीने सरळ रेघ सोपी पडते. चार हा आकडा बहुधा चार उभ्या रेघांनी लिहिलेला आढळतो. वासा उलटा धरला तरी तो चारच वाचला जातो, सहा वाटत नाही.

साग आणि ओक यांची तुलना करण्याचा मोह मी टाळतो. आपला साग तेलकट आहे, निगुतीने वाळवून वापरण्याची आपली रीत त्याला योग्य आहे, ती सोडू नये.

प्रश्न : भिंतीत लाकडांच्या मध्ये काय भरलेले असते? विटा असतात का? (बेळगाव)

काही ठिकाणी विटा आहेत, पण त्या बहुधा नंतरच्या. मूळची भर म्हणजे आपला कूड. वरच्या वाशात गिरमिटाने भोके, खालच्या वाशात लांब खाच. त्यांत ओकच्या उभ्या काठ्या बसवायच्या, त्यांच्यातून हेझल नावाच्या झुडपाच्या लवचिक फांद्या आडव्या विणायच्या, आणि दोन्ही अंगांनी माती, शेण व कापलेला पेंढा यांचा कालवलेला गारा थापायचा. वर चुन्याची सफेदी. हेझलच्या जागी कारवी ठेवली, तर जांबोटी-कणकुंबीकडच्या कोणत्याही आजीला यात नवल वाटणार नाही. इंग्लंडमधील शेणाची भिंत पाहायला आपले लोक तिकीट काढून जातात आणि गावातली पाडून टाकतात, असे एका वाचकाने याच पत्रासोबत लिहिले आहे. मी त्यात भर घालत नाही.

प्रश्न : चूल कुठे असे? फोटोत धुराडे दिसते, पण ते नंतरचे आहे असे तिथल्या माहितीफलकावर लिहिले होते. (निपाणी)

फलक बरोबर आहे. मध्ययुगातील अशा घराचा मुख्य भाग म्हणजे आढ्यापर्यंत उघडे असलेले एक मोठे दालन. त्याच्या मधोमध, मोकळ्या जमिनीवर आगटी असे. धूर वर चढायचा, छपरात रेंगाळायचा आणि गवतातून, फटींतून बाहेर पडायचा. खिडक्यांना काच नसे. उभे लाकडी गज आणि आतून फळ्यांची झडप एवढेच. थंडीत धूर आणि वारा यांपैकी एक काहीतरी निवडावे लागत असणार.

सोळाव्या शतकात विटांची धुराडी सर्वसामान्य शेतकऱ्यांच्याही घरांत येऊ लागली. धूर एका नळीत बंद झाल्याबरोबर ती उंच पोकळी रिकामी राहिली, आणि लोकांनी मध्ये तुळया घालून वर माळा केला. एकमजली घरांची दुमजली घरे झाली ती अशी. मात्र माळ्यावर चढून विजेरी मारली की जुने वासे काजळीने काळेभोर दिसतात. घर पाहणारे अभ्यासक पहिल्यांदा तिथेच जातात; काजळी असली तर खालचे दालन एके काळी उघडे होते, हे ठरते. नेमके साल हवे असेल तर लाकडाची बारीक कांडी काढून तिच्यातील वर्षवलये मोजतात. ओले लाकूडच वापरत असल्यामुळे झाड तोडल्याचे साल कळले की घर बांधल्याचे सालही जवळपास कळते. आपल्या सुतारांना न आवडणाऱ्या त्या प्रथेचा हा उपयोग कोणी योजलेला नव्हता.

आगीची भीती अर्थातच होती. १६६६ साली लंडन जळाले आणि पुढच्याच वर्षी तिथे विटा किंवा दगड यांनीच बांधण्याचा कायदा झाला. खेड्यांत लाकूड चालूच राहिले.

प्रश्न : लाकूड काळे आणि भिंत पांढरी, हा रंग मूळचा का? (वडगाव, बेळगाव)

बहुतांशी नाही. ओक उघडा ठेवला की उन्हापावसाने करडा, रुपेरी होतो. पुष्कळ घरे तशीच असत, आणि काही भागांत भिंतीबरोबर लाकडावरूनही चुन्याचा हात फिरवत. काळ्या-पांढऱ्याची आवड मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, व्हिक्टोरिया राणीच्या काळात बोकाळली. नंतर शहरांच्या उपनगरांत विटांच्या भिंतीवर काळ्या फळ्या ठोकून जुनेपणाचे सोंग आणलेली घरेही ओळीने उठली. ओळखायचे असेल तर मेखा शोधा.

प्रश्न : हिडकल धरणात आमचे गाव गेले. पाणी उतरले की हुन्नूरचे विठ्ठल मंदिर दिसते, पण घरांचा मागमूस नाही. आजोबांनी जुन्या घराच्या तुळया आणि देवघराची चौकट तेवढी बैलगाडीतून नव्या जागी आणली. इंग्लंडात अख्खी घरे हलवतात, असे ऐकले. ते कसे जमते? (ता. हुक्केरी)

आपल्या आजोबांनी जे केले तेच, फक्त संपूर्ण. केंट परगण्यात बाउ बीच येथे पाणीपुरवठ्याचा जलाशय होणार होता आणि त्याच्या हद्दीत ‘बेलीफ’ नावाचे पंधराव्या शतकातील शेतकऱ्याचे घर येत होते. बेलीफ म्हणजे तमालपत्र. कोर्टाच्या बेलिफाशी संबंध नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते घर मेखा काढून सुटे करण्यात आले आणि पुढे पश्चिम ससेक्समधील सिंगलटन येथे, वील्ड अँड डाउनलँड या खुल्या संग्रहालयात पुन्हा उभे राहिले. आज तिथे मधली आगटी आहे, उघडे दालन आहे, आणि आत गेल्यावर डोळ्यांना धूर लागतो.

हे जमते याचे कारण वर नंदगडच्या सुतारांना सांगितले तेच : घर मुळातच सुटे करून आणलेले असते आणि सांध्यांवर आकडे असतात. मातीची भर मात्र नेता येत नाही, ती नव्याने करावी लागते. दगडी देऊळही मोजमाप करून, दगडांवर आकडे घालून हलवता येते. ते काम फार मोठे आणि खर्चाचे असते. आजोबांनी आणलेल्या तुळयांच्या टोकांना पाहा, आपल्याकडील जुने सुतारही काही वेळा खुणा करत. सापडल्या तर फोटो काढून पाठवावेत.

प्रश्न : खानापूर रस्त्याला शेतात असेच घर बांधावे, असा विचार आहे. ओक मिळेल का? (बेळगाव)

ओकच्या मागे लागू नये, आणि या घराच्याही. लंडनला वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बारा महिन्यांत विखुरलेला. बेळगावला त्याच्या दुप्पट, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. भिंतीच्या दर्शनी बाजूला उघडे लाकूड आणि त्याला लागून माती, ही जोडी इथल्या पावसाच्या झोडीपुढे टिकणार नाही. वाळवी ही इंग्लंडमधील सुताराला जवळपास ठाऊक नसलेली आपत्ती आहे. त्याचा शत्रू म्हणजे डेथवॉच नावाचा भुंगा, जो ओलाव्याने मऊ झालेल्या ओकमध्ये घर करतो आणि डोके आपटून टक्‌टक् आवाज करतो. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणाऱ्यांना तो ऐकू येई, म्हणून हे नाव. घ्यायचेच तर त्या घराकडून छपराची वळचण घ्या. गवताने शाकारलेल्या तिथल्या घरांना पन्हळ नसते. पाखे जवळजवळ पन्नास अंशांनी उतरलेले असतात आणि वळचण भिंतीपासून इतकी पुढे येते की पाणी लाकडाला न शिवता दूर पडते. आपल्या पडव्या हेच काम करत होत्या. सज्जा दीड फुटांवर आणून ठेवण्याची फॅशन नंतरची.

प्रश्न : आमचे घर ऐंशी वर्षांचे, खांब-तुळयांचे, मधे कूड. बारा वर्षांपूर्वी गवंड्याच्या सल्ल्याने बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. आता खांबांच्या बुडाशी ओल येते आणि गिलावा वाजवला की पोकळ आवाज येतो. काय करावे? (जांबोटी, ता. खानापूर)

गवंड्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एका अशाच घराला सिमेंटचा गिलावा करायला सांगितले होते. सात-आठ पावसाळ्यांनंतर मालकांनी बोलावले. गिलाव्याचा फूटभर तुकडा काढला, तर आतला खांब बोटाने खरवडता येत होता, ओल्या तंबाखूच्या भुकटीसारखा. वरून मात्र भिंत नव्यासारखी दिसत होती.

इंग्लंडमध्ये विसाव्या शतकात हेच पुष्कळ प्रमाणावर झाले. माती आणि चुना पाणी घेतात तसे ते परत सोडतातही, आणि त्यामुळे लगतचे लाकूड पुन्हा कोरडे होते. सिमेंट टणक असते. लाकूड मात्र हवामानाप्रमाणे फुगते-आखडते. दोघांमध्ये केसाएवढी फट पडते, तिच्यातून पाणी आत जाते, आणि बाहेर यायला वाट उरत नाही. लाकूड पावसाने भिजण्यापेक्षा कोंडलेल्या ओलीने लवकर कुजते.

आपण आधी खांबांच्या दोन्ही अंगांचा गिलावा जमिनीपासून तीन फुटांपर्यंत काढावा. छिन्नी हलकी मारावी. कुडाला हादरे बसता कामा नयेत. मग बारीक पटाशी किंवा स्क्रू-ड्रायव्हर लाकडात दाबून पाहावा. पाव इंचाच्या आत थांबला तर खांब शाबूत आहे. तो नुसता वाळू द्यावा, वर काहीही चोपडू नये. टोक सहज इंचभर आत गेले तर छपराला टेकू देऊन कुजलेला भाग चांगल्या लाकडापर्यंत कापावा आणि त्याच जातीच्या, पूर्ण वाळलेल्या लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडावा. अख्खा खांब बदलण्याचा सल्ला कोणी दिल्यास दुसऱ्या सुताराला विचारावे. खांबाचे बूड आता अंगणाच्या पातळीला आले आहे का, हेही पाहावे. दरवर्षी मुरूम टाकून अंगण चढत जाते आणि तळखडा गाडला जातो. तसे असल्यास भिंतीलगतची माती काढून तो मोकळा करणे, हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी काम आहे.

गिलावा पुन्हा करताना कुडावर माती-शेण-पेंढ्याचा लेप आणि त्यावर मुरवलेला चुना व वाळू यांचा पातळ थर द्यावा. चुन्यात ‘थोडेसे’ सिमेंट घालू असे कोणी सुचवेल. घालू देऊ नये. काम दिवाळीनंतर धरावे, म्हणजे भिंतीला वाळायला उन्हाळ्यापर्यंत अवधी मिळतो. चुन्याचा थर मात्र पहिला आठवडाभर ओलसर गोणपाटाने झाकून ठेवावा, भर उन्हात तो लवकर सुकला तर भुकटी होऊन गळतो.